मधल्या वर्षाची कुळकथा

बारावीचा निकाल लागला की आमच्या खडकवासल्यात दर वर्षी काही घरांतून तेच उत्तर ऐकू येतं: ‘यंदा थांबलाय तो.’ विचारणारे पुढं फारसं विचारत नाहीत. थांबणाऱ्यांत नीट पुन्हा देणारे असतात, जेईईचा दुसरा प्रयत्न करणारे असतात, धरणाच्या पाण्याकाठी पसरलेल्या एनडीएकडे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे, डोळे लावून बसलेले असतात. पुढं काय करायचं हेच न ठरलेलेही असतात आणि घरात सगळ्यात जास्त बोलणी तेच खातात.

पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायला गेलं की या थांबण्याचा कागद मागतात. कॉलेजच्या खिडकीवर त्याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात, पण असतं ते साधं प्रतिज्ञापत्र. कचेरीबाहेरच्या टायपिस्टाकडे मजकूर तयारच असतो, नाव आणि साल तेवढं बदलायचं. मी अमुक साली बारावी उत्तीर्ण झालो. त्यानंतर कुठल्याही शाळा-कॉलेजात प्रवेश घेतलेला नाही. माझ्यावर कसलाही गुन्हा दाखल नाही. वरील मजकूर खरा आहे. खाली सही, फोटो, शिक्का. अठरा वर्षांच्या मुलाच्या अख्ख्या वर्षाची नोंद म्हणून एवढाच कागद उरतो आणि त्यात त्यानं काय काय केलं नाही एवढंच लिहिलेलं असतं. हे वर्ष आपल्याकडे असं रिकामं कधीपासून झालं, या प्रश्नानं मी त्याचं कूळ शोधायला लागलो.

सगळे जी सांगतात ती शाखा इंग्लंडातली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती. ती बंद होणार हे ठरल्यावर शाळा संपलेल्या पण विद्यापीठात जायला अवकाश असलेल्या मुलांच्या हाती एकदम मोकळा काळ आला. 1958 मध्ये अलेक डिक्सन यांनी अशा मुलांना आशिया-आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून धाडायला सुरुवात केली. व्हीएसओ ही संस्था त्यातून उभी राहिली. 1967 मध्ये प्रोजेक्ट ट्रस्टनं पहिली मुलं इथिओपियाला पाठवली. 1972 मध्ये तर ‘गॅप’ हेच नाव घेऊन एक संस्था निघाली. पुढं राजपुत्र विल्यम विद्यापीठाआधी चिलीत जाऊन काम करून आला आणि ही रीत जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. इंग्रजी शाळांमधून आपल्या मुलांच्या कानावर पडलं ते हेच.

पण याच्या चाळीस वर्षं आधी आपल्याकडे एका तरुणानं असं वर्ष रीतसर मागून घेतलं होतं, आणि त्या वर्षात तो आमच्या माथ्यावरच्या सिंहगडावरही येऊन गेला होता.

इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला विनायक नरहर भावे 25 मार्च 1916 रोजी वाटेत सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं त्यानं त्याआधीच आईसमोर चुलीत घातली होती. जूनमध्ये तो अहमदाबादेत गांधीजींच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. हेच विनोबा. आश्रमात वर्षही पुरतं झालं नव्हतं तेव्हा त्यांनी गांधीजींकडे एक वर्षाची रजा मागितली. कारणं दोन: प्रकृती सुधारायची होती आणि संस्कृत ग्रंथ मुळातून वाचायचे होते. रजा मिळाली आणि ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे गेले. हे शास्त्री पुढं केवलानंद सरस्वती म्हणून ओळखले गेले.

त्या वर्षात काय झालं ते विनोबांनीच फेब्रुवारी 1918 मध्ये गांधीजींना लिहिलेल्या लांबलचक पत्रात आहे. उपनिषदं, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रं, पातंजल योग, मनुस्मृती हे वाचून झालं. काही विद्यार्थ्यांना त्यांनी मोबदला न घेता गीता शिकवली. वाईत विद्यार्थी मंडळ काढलं. मंडळाच्या वाचनालयाला पैसा हवा होता, तो त्यांनी मुलांबरोबर जात्यावर लोकांचं दळण दळून उभा केला. गिरणीत जेवढी दळणावळ द्यावी लागे तेवढीच घ्यायची आणि ती वाचनालयाला द्यायची. शरीर कमावण्यासाठी आधी चालणं, मग हे दळणं, मग सूर्यनमस्कार. शेवटी चार-पाच जिल्ह्यांतून सुमारे 400 मैलांची पायी यात्रा. सिंहगड, तोरणा हे किल्ले त्यात आले आणि वाटेत गावोगाव गीतेवर प्रवचनं झाली. पत्र वाचून गांधीजी थक्क झाले. गोरखानं मच्छिंदराला हरवलं, असे त्यांचे उद्गार सांगतात. रजा ज्या दिवशी संपणार होती त्याच दिवशी विनोबा आश्रमाच्या दारात उभे राहिले. ही सत्यनिष्ठा असं गांधीजी म्हणाले, तर विनोबा म्हणाले, ही गणितनिष्ठा.

विनोबा कॉलेजात परत गेले नाहीत, त्यामुळं पदवीच्या आधीचं वर्ष असं त्याला म्हणता येत नाही. पण ते वर्ष कसं होतं ते पाहा. सुरुवातीची तारीख आहे, शेवटची तारीख आहे, शिकवणारा एक माणूस आहे, हातानं करायचं एक काम आहे आणि ज्याला हिशोब द्यायचा असा एक माणूस आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो हा शेवटचा. आजच्या थांबलेल्या मुलाला शिक्षक मिळतो, क्लास मिळतो. वर्षभरानं ज्याला पत्र लिहावं असं मात्र कुणी नसतं.

दोन-तीन वर्षांतच अशा वर्षाची हाक सगळ्या देशाला आली. 1920 च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसनं असहकाराचा ठराव पक्का केला, वर्षात स्वराज्याची भाषा झाली आणि कितीतरी मुलांनी सरकारी कॉलेजं सोडली. त्यांच्यासाठी पुण्यात 1921 मध्ये टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. 1974 मध्ये जयप्रकाश नारायण यांनी बिहारच्या विद्यार्थ्यांकडे आंदोलनासाठी पुन्हा एक वर्ष मागितलं. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या उन्हाळी श्रमसंस्कार छावणीत कित्येक मराठी मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा कुदळ धरली, पण ती काही दिवसांची.

पूर्ण वर्षाचा पक्का साचा आपल्या पुणे जिल्ह्यातच घडला, शिरूर तालुक्यातल्या पाबळला. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी जागा सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आणि निवासी आहे. मूल वेल्डिंग करतं, भिंत बांधतं, वीजजोडणी करतं, शेती आणि जनावरं सांभाळतं, खाद्यपदार्थ टिकवायला शिकतं. काम चुकलं तर ते समोर दिसतं: वेल्डिंगचा सांधा नीट बसला नसेल तर हातोड्याच्या एका घावात निखळतो, त्यासाठी परीक्षक लागत नाही. 2006 पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतला ‘निर्माण’ उपक्रमही 18 ते 28 वयाच्या तरुणांना आपल्या शिक्षणाचं समाजासाठी काय करायचं हा प्रश्न घेऊन बसवतो. शिबिरं झाल्यावर ‘कर के देखो’ म्हणून वर्षभर काम करायची वाटही तिथं आहे.

मग ‘थांबला’ म्हणजे खोलीत बसून पुन्हा तीच पुस्तकं, हे कुठून आलं? ते प्रवेशपरीक्षांमुळं आलं. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळायचा तोवर परीक्षा पुन्हा देण्यात फारसं हशील नव्हतं. वेगळी प्रवेशपरीक्षा आली तसं एका दिवसाचा पेपर सुधारायला वर्ष घालणं शहाणपणाचं ठरू लागलं. लातूरमध्ये रिपीटरच्या स्वतंत्र बॅचेस भरतात. नीट कितीही वेळा देता येते, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. जिथं मर्यादा नाही तिथं एका वर्षाची दोन आणि तीन होतात, आणि घरातल्या कुणालाच ‘आता पुरे’ म्हणायचा धीर होत नाही.

या बाबतीत आमच्या शेजारची प्रबोधिनी वेगळी. एनडीएला साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वय लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, लेखी 900 गुणांची आणि पुढची एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखतही 900 गुणांची. पाच दिवस चालणाऱ्या त्या निवडीत मुलगा गटात कसा वागतो, अडथळा कसा ओलांडतो हे बघतात, आणि बारावीनंतरचा काळ कसा घालवला हेही विचारतात. वय सरलं की दार बंद.

त्या दारापाशी एका वर्षाची किंमत काय असते ते 2021 मध्ये दिसलं. मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये दिला. तयारीला वेळ हवा, मुलींना मे 2022 पासून बसू देऊ, असं सरकारनं सांगितलं. न्यायालयानं ते मानलं नाही आणि त्याच नोव्हेंबरच्या परीक्षेला मुली बसल्या. 2022 मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात आली आणि 30 मे 2025 रोजी त्यांतल्या 17 जणी इथल्या खेत्रपाल मैदानावरून संचलन करत बाहेर पडल्या. परीक्षा पुढं गेली असती तर वय उलटून गेलेल्या मुलींना ते दार पुन्हा उघडलं नसतं.

म्हणून यंदा ज्यांच्या घरी मूल थांबणार आहे त्यांना एक सांगणं. क्लासची फी भरण्याआधी शेवटची तारीख ठरवा. परीक्षा पुन्हा द्यायची असली तरी दिवसातले दोन तास हातानं करायच्या कामाला काढून ठेवा. आणि वर्षाअखेर मूल कुणाला पत्र लिहिणार ते आजच नक्की करा. तो मामा असेल, शाळेतल्या बाई असतील, पूर्वीचे सर असतील. आईवडील शक्यतो नकोत, त्यांच्याशी रोजची झटापट असते.

कॉलेजांकडेही एक मागणं आहे. प्रतिज्ञापत्र खुशाल मागा, पण प्रवेशअर्जात एक पान कोरं ठेवा आणि मुलाला त्या वर्षात त्यानं काय केलं ते त्याच्या अक्षरात लिहू द्या. त्या पानाला स्टॅम्प लावू नका आणि गुणही देऊ नका. फक्त प्रवेशाच्या दिवशी कुणीतरी ते मुलासमोर बसून वाचावं.