चाकूची धार आणि पोलादाचें पाणी

खिशांत बाळगावयाच्या चाकूकडून मनुष्य मुख्यतः दोन गोष्टींची अपेक्षा करतो. एक, त्याची धार पुष्कळ दिवस टिकावी. आणि दुसरी, कठीण प्रसंगीं त्याचें पातें मोडूं नये. या दोन्ही अपेक्षा एका दमांत बोलून दाखविणें सोपें आहे. परंतु धातूच्या स्वभावांत त्या एकमेकींच्या वैरिणी आहेत. जें पोलाद अतिशय कठीण असतें, त्याची धार सहसा जात नाहीं, पण तें ठिसूळ असल्यामुळें कांचेसारखें तडकतें. जें पोलाद चिवट असतें, तें वांकतें पण मोडत नाहीं. मात्र त्याची धार लवकर बोथट होते. या दोघींचा समेट घडवून आणण्याचा शेंकडों वर्षांचा प्रयत्न, हाच चांगल्या चाकूचा इतिहास होय. आणि त्यांतील एक प्रकरण मुंबईहून विलायतेस गेलेल्या पोलादाच्या कांहीं तुकड्यांनीं घडविलें आहे.

हा समेट कोठें होतो, हें मराठी भाषेला फार पूर्वीच कळलें होतें. लोहार पातें लाल होईपर्यंत तापवितो व एकदम थंड पाण्यांत बुडवितो. या क्रियेला पाणी देणें म्हणतात. त्यावरूनच तलवार पाणीदार झाली आणि तिच्यामागून माणूसही पाणीदार झाला. साध्या पोलादांतील कठीणपणाचें मूळ त्यांत मिसळलेल्या कर्बांत असतें. हें प्रमाण चाकूच्या पोलादांत बहुधा शेंकडा अर्ध्यापासून दीडपर्यंत असतें. परंतु पाणी देणें हें अर्धेंच काम. नुसतें पाणी दिलेलें पातें हातांतून फरशीवर पडलें तरी तुकडे होण्याची भीति असते. म्हणून कारागीर तें पुन्हां मंद आंचेवर धरतो. तेव्हां घांसून उजळलेल्या पातें-भागावर रंग चढूं लागतात. सुमारें २३० अंश सेंटिग्रेडला गवती पिवळा रंग येतो. येथें थांबलें तर कठीणपणा बराच राहतो आणि ठिसूळपणा कमी होतो. ३०० अंशांच्या सुमारास तेंच पोलाद निळें दिसतें. मग तें धारेपेक्षां कमानीच्या कामाला अधिक योग्य ठरतें. मिटणाऱ्या चाकूंत हीं दोन्ही रूपें एकत्र नांदतात. पातें धरावयाचें पिवळ्या रंगावर, आणि त्याला उघडें किंवा मिटलेलें ठेवणारी पाठीमागची कमान निळ्या रंगावर.

परंतु पाणी कितीहि कुशलतेनें दिलें, तरी मूळ पोलाद एकजीव नसेल तर सर्व श्रम व्यर्थ. युरोपांत अठराव्या शतकापर्यंत लोखंडाच्या कांबी कोळशांत पुरून दिवसेंदिवस भाजीत व पोलाद करीत. त्यांत कर्ब वरच्या थरांत अधिक व आंत कमी मुरे. दक्षिण हिंदुस्थानांतील कारागिरांची रीत निराळी होती. ते लोखंडाचे लहान तुकडे, लांकूड व झाडाचीं पानें मातीच्या मुशींत भरून तिचें तोंड लिंपून टाकीत आणि भात्यांच्या सतत वाऱ्यानें ती मूस तापवीत. लोखंड आंतच वितळे, सर्वत्र सारखा कर्ब घेई आणि मंदपणें निवून त्याची वडी तयार होई. आजच्या तेलंगणांतील निजामाबादजवळच्या कोनसमुद्रम् गांवीं अशा वड्या घेण्याकरितां इराणचे व्यापारी येत. इंग्रज या पोलादाला वुट्झ म्हणत. कानडी 'उक्कु' शब्दाचा तो अपभ्रंश असावा.

वितळविण्याची हीच युक्ति इंग्लंडांत बेंजामिन हंट्समन यानें स्वतंत्रपणें साधली. तो मूळचा डॉन्कास्टरचा घड्याळजी. घड्याळांच्या कमानी वारंवार मोडत, म्हणून १७४० च्या सुमारास शेफील्डजवळच्या हँड्सवर्थ गांवीं त्यानें मुशींत पोलाद वितळविण्याचे प्रयोग केले. पोलाद उत्तम निघालें; पण शेफील्डच्या चाकूवाल्यांनीं, तें घडविण्यास फार कठीण, म्हणून नाकारलें. असें सांगतात कीं, हंट्समननें तें फ्रेंचांना विकण्यास आरंभ केला आणि त्याच पोलादाचे फ्रेंच चाकू बाजारांत येऊं लागले, तेव्हां या चाकूवाल्यांनीं पोलाद बाहेर पाठविण्याचीच बंदी व्हावी म्हणून खटपट केली. ती साधली नाहीं, आणि अखेर त्यांना तें कठीण पोलाद घडविण्यास शिकावें लागलें.

यानंतर अर्ध्या शतकानें मुंबईचा संबंध येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत असलेले मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं १७९४ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे वुट्झचे नमुने पाठविले. डॉ. जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यांची परीक्षा करून १७९५ च्या जूनमध्यें सोसायटीपुढें निबंध वाचला. या परीक्षेच्या ओघांत जेम्स स्टोडार्ट नांवाच्या लंडनच्या नामांकित चाकूवाल्याला त्या पोलादाचें कांहीं घडविण्यास सांगण्यांत आलें, आणि त्यानें घडविला तो एक लहानसा कलमतराश. पिसाच्या लेखणीचें टोंक कापण्याचा हा चाकू त्या काळीं प्रत्येक लिहिणाऱ्याच्या खिशांत असे. वुट्झ घडवितांना स्टोडार्टला पुष्कळ श्रम पडले, कारण हें पोलाद मंद लाल उष्णतेपलीकडे तापविलें तर हातोड्याखालीं भुगा होऊं लागतें. तथापि, अनेक कामांकरितां तें विलायतेंतील पोलादाहून श्रेष्ठ आहे आणि त्याची धार अधिक बारीक, मजबूत व टिकाऊ होईल, असा त्यानें अभिप्राय दिला.

एवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. पुढें लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे आणि स्टोडार्ट यांनीं मिळून वुट्झचें रहस्य शोधण्यास आरंभ केला. पोलादांत रुपें, प्लॅटिनम, निकेल, क्रोमियम अशा धातु मिसळून त्यांनीं पाहिल्या व आपले निष्कर्ष १८२० व १८२२ सालीं प्रसिद्ध केले. मिश्र पोलादांच्या शास्त्रीय अभ्यासाचा हा पाया होय. दख्खनच्या वडीनें विलायतेंत नवीन विद्येला जन्म दिला. परंतु खुद्द दख्खनच्या भट्ट्या त्याच शतकांत एकेक करून विझल्या. परदेशचें यंत्रानें केलेलें स्वस्त पोलाद आलें, लांकडी कोळसा महागला, आणि गिऱ्हाईक तुटलें. ही विद्या पोथींत नव्हती, हातांत होती. हात थांबले तशी ती गेली. तिचीं लक्षणें पुन्हां जुळवून पाहण्यास विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत जॉन व्हर्होव्हेन या शास्त्रज्ञाला आणि आल्फ्रेड पेंड्रे या लोहाराला कित्येक वर्षें खपावें लागलें.

क्रोमियमची कथाहि अशीच बोधप्रद आहे. १९१३ च्या ऑगस्टमध्यें शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यानें बंदुकीच्या नळ्यांसाठीं प्रयोग करतां करतां शेंकडा सुमारें १३ क्रोमियम असलेलें पोलाद ओतलें. तें गंजत नव्हतें. त्यानें चाकूवाल्यांस तें दिलें, तर त्यांनीं, याला धारच धरत नाहीं, असें सांगून 'न कापणारे चाकू शोधून काढणारा' म्हणून त्याची थट्टा केली. दोष पोलादाचा नव्हता. साधें पोलाद सुमारें ८०० अंशांवर तापवून पाणी देत. या नव्या पोलादाला १००० अंशांच्या आसपास तापविणें अवश्य होतें. जुन्या संवयीनें कमी तापविलें, म्हणून तें मऊ राहिलें. अर्नेस्ट स्टुअर्ट या चाकू-कारखान्याच्या व्यवस्थापकानें चिकाटीनें योग्य उष्णता शोधून काढली, तेव्हां न गंजणाऱ्या चाकूचें युग सुरू झालें.

हंट्समनचें पोलाद कठीण म्हणून, वुट्झ तापांत फुटतें म्हणून आणि ब्रिअर्लीचें मऊ म्हणून कारागिरांच्या हातीं प्रथम फसलें. तीनही वेळां उणीव धातूंत नसून आंचेच्या ज्ञानांत होती. म्हणून आज चाकू घेणाऱ्यानें पात्यावर कोरलेल्या पोलादाच्या नांवावरच भुलूं नये. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल यांच्या यंत्राला १९१९ सालीं पेटंट मिळालें. त्या मापानें चांगले खिशांतील चाकू साधारणतः ५५ ते ६२ अंशांत येतात. दांडगें काम असेल तर खालचा अंक पत्करावा, म्हणजे पातें मोडणार नाहीं व निसण्यावर चटकन् धार लागेल. बारीक कापणी असेल तर वरचा अंक बरा. दमट हवेंत क्रोमियमचें पोलाद सोयीचें. रोज पुसून ठेवण्याची शिस्त असेल तर साध्या कर्ब-पोलादाची धारहि उत्तम. मात्र सर्वांत कठीण आणि सर्वांत चिवट असा चाकू कोणी देऊं केला, तर विकणाऱ्याकडे संशयानें पाहावें. पोलादानें असा वर अद्यापि कोणालाहि पुरतेपणीं दिलेला नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या कामाकडे पाहून तडजोडीचा ठाव निवडावा, आणि तो ठाव अचूक साधणाऱ्या कारागिराच्या पाण्याची किंमत मोजावी.