भट्ट्या विझल्या, वर्ग भरले

फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांच्या मधोमध लक्झेंबर्ग नावाचा देश आहे. आकाराने आपल्या गोव्याहूनही लहान, पण अतिशय श्रीमंत. तरीही २००३ सालापर्यंत या देशात स्वतःचे पूर्ण विद्यापीठ नव्हते. १९६९ पासून एक विद्यापीठ केंद्र होते. पण पदवी पुरी करायला बहुतेक मुले शेजारच्या देशांत जात. बाहेर शिकलेला मुलगा भाषा आणि ओळखी घेऊन परत येतो, असे लोक म्हणत. त्यात तथ्यही होते. पण संशोधन मात्र घरी रुजत नव्हते.

विद्यापीठ काढायचे, तर कोणत्या भाषेत? हा प्रश्न तिथे साधा नाही. घरात लक्झेंबर्गी, शाळेत अक्षरओळख जर्मनमधून आणि कायदे फ्रेंचमध्ये, अशी तिथली जुनी रीत. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी देश व्यापला आणि फ्रेंचवर बंदी घातली. ऑक्टोबर १९४१ च्या शिरगणतीत त्यांनी राष्ट्रीयत्व, मातृभाषा आणि वंश विचारला. लक्झेंबर्गी ही नुसती बोली आहे, ती मातृभाषा म्हणून धरली जाणार नाही, असेही बजावले. भूमिगत कार्यकर्त्यांनी निरोप फिरवला : तिन्ही ठिकाणी 'लक्झेंबर्गी'च लिहा. लोकांचा कल ध्यानात येताच राज्यकर्त्यांना ती शिरगणती गुंडाळावी लागली. पुढे १९८४ च्या कायद्याने लक्झेंबर्गी राष्ट्रभाषा ठरली. पण फ्रेंच आणि जर्मनही कारभारात राहिल्या.

विद्यापीठानेही तोच मार्ग धरला. फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी या तीन भाषांत तिथे अध्यापन चालते आणि अनेक अभ्यासक्रम एकाहून अधिक भाषांत असतात. पदवीच्या विद्यार्थ्याने साधारणपणे एक सत्र परदेशी काढायचे असते. जुनी गरज अशी नियमात आली! विद्यार्थी सुमारे ७ हजार, त्यांतील निम्म्याहून अधिक परदेशी. आकार लहान असल्याने सगळेच विषय शिकवण्याचा हट्ट नाही. संगणक-सुरक्षा, जैववैद्यक, युरोपीय कायदा, समकालीन इतिहास अशा निवडक विषयांच्या संशोधनावर भर आहे.

२०१५ पासून विद्यापीठाचा मुख्य परिसर बेलवाल येथे आहे. एके काळी तिथे पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्या धगधगत. शेवटची भट्टी १९९७ मध्ये विझली. दोन भट्ट्या स्मारक म्हणून राखल्या आहेत. खनिज साठवण्याच्या जुन्या इमारतीत आता ग्रंथालय आहे. ज्या पोलादाने देश श्रीमंत केला, त्याच्या जागी आता ज्ञान पिकवायचे, असा हा विचार आहे.

एक प्रश्न उरतोच. लक्झेंबर्गी भाषेचा अभ्यास विद्यापीठात होतो, त्या विषयात उच्च पदवीही मिळते. पण इतर विषय शिकवले जातात ते मुख्यतः इतरांच्या भाषांत. ज्या भाषेसाठी आजोबांनी १९४१ मध्ये धोका पत्करला, तिला नातवंडांच्या वर्गात किती जागा असावी? शेजाऱ्यांच्या भाषा शिकून आपली भाषा हरवत नाही, असा या लहान देशाचा आजवरचा अनुभव आहे. मात्र तो टिकवायचा, तर घरातली बोलीही जपावी लागेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)