चिलखताची किंमत

आमच्या चांद्याकडे लोखंडाला तोटा नाही. एकीकडे लोहाऱ्याचा डोंगर, दुसरीकडे सुरजागडचा. 1882 साली वॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाने लोहाऱ्याच्या खनिजावर लिहिलेला अहवाल वाचला आणि जमशेटजी टाटांच्या मनात लोखंडाच्या कारखान्याने घर केले. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही, म्हणून बेत राहिला. ज्या गोंड राज्याच्या पोटात असे डोंगर, तिथला शिपाई चिलखत घालूनच लढत असणार, असे मला लहानपणी खात्रीने वाटायचे.

पण चिलखत घडते ते मेहनतीने. एकच कडी जवळून बघा. तार ओढायची, तिचे वेटोळे तोडायचे, टोके ठोकून चपटी करायची, त्यांना भोक पाडायचे, शेजारच्या चार कड्यांत ती ओवायची आणि मोहरीएवढ्या खिळ्याने जखडायची. अशा हजारो कड्या! आणि एवढे झाल्यावर दर पावसाळ्यात गंजाशी झुंज.

शब्दही लोखंडाचा नसावा. फारसीत चिहल म्हणजे चाळीस. चाळीस दिवसांच्या चिल्ल्यातही तोच. ऐने-अकबरीतल्या शस्त्रांच्या यादीत चिहिलकद येते, ते चिलखतावरून चढवायचे वस्त्र आहे. आपले चिलखत तिथूनच आले असावे. माझ्या डोळ्यांपुढे तरी पदरावर पदर घालून टाचलेली गोधडीच येते. ज्याला कड्या परवडत नाहीत, त्याला कापूस तरी परवडतो.

महाराष्ट्रातले वीरगळ पाहताना हेच ध्यानात येते. बहुतेक वीर उघड्या अंगाने लढताना कोरले आहेत. हातात तलवार, पुढे ढाल, बस्स.

युरोपातही वेगळे नव्हते. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याने 805 साली हुकूम काढला, की ज्याच्याकडे बारा कुळवाड्यांची जमीन असेल त्याने चिलखत घालून यावे. बाकीच्यांना ती सक्ती नव्हती. त्याआधीच्या रिपुआरी फ्रँकांच्या कायद्यात तर भावच लिहून ठेवले आहेत: धडधाकट बैल 2 सॉलिडस, ढाल आणि भाला मिळून 2, म्यानासकट तलवार 7, चिलखत 12.

म्हणजे सहा बैल. आमच्या धानाच्या पट्ट्यात एक बैलजोडी गेली तरी घर वर्षभर सावरत नाही, आणि तिथे तीन जोड्या एका माणसाच्या अंगावर चढत होत्या.