जात्याचं पीठ आणि आठ आणे

आजचा भाग सुरू होतो एका भाकरीपासून.

दिवाळीत गावी गेलो होतो, हिंगणघाट तालुक्यात. माझ्या मामेबहिणीला सीलिअ‍ॅक आजार आहे. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिच्या आतड्याला इजा होते. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे भाकर चालते. पण घोळ गिरणीत होतो. आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, आणि ते पीठ आपल्या ज्वारीत उतरतं. म्हणून शेजारच्या काकूंनी गोठ्यातलं जुनं जातं बाहेर काढलं, धुतलं, टाकी लावून घेतलं. पहिलं शेरभर पीठ गाईला घातलं आणि मग बहिणीसाठी दळायला बसल्या.

मी काय केलं? चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. उकळत्या पाण्यात पीठ भिजवणं, तळहाताने मळणं, परातीत थापणं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्याने त्यातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. वर तीन ओळी लिहून पोस्ट टाकली. लोकांनी मतं दिली की टोकन मिळतात अशी ती साइट आहे. टोकन आले, माझ्या खात्यात. काकूंना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, "तुले कायचे पैसे भेटले रे बाबू? भाकर तं मी थापली!"

हसलो मी पण, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आणि मग लक्षात आलं, हा प्रश्न आमच्या वर्ध्यात आधीच विचारून झालाय.

१९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अध्यक्ष वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू, सचिव जे. सी. कुमारप्पा. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला दिला, तीच मगनवाडी. १९३५ मध्ये गांधीजी तिथेच राहत होते. हातसडीचा तांदूळ, गूळ, पालेभाज्या आणि जात्यावरचं पीठ, यांवर ते 'हरिजन' साप्ताहिकात लिहायचे. गिरणीबद्दल त्यांच्या दोन तक्रारी होत्या. धान्यातला कस जातो, आणि गावातल्या माणसाच्या हातचं काम जातं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यात ग्लुटेनचा काही संबंध नव्हता. गव्हाचा आणि सीलिअ‍ॅकचा संबंध दाखवून दिला नेदरलँड्सच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला आणि ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिकेचा प्रबंध आला १९५० साली. म्हणजे मगनवाडीतल्या जात्याचं कारण वेगळं आणि आमच्या काकूंच्या जात्याचं वेगळं. जातं मात्र तेच.

आता मोबदल्याकडे येऊ. १९३५ मध्येच गांधीजींनी चरखा संघापुढे एक अडचणीचा प्रश्न ठेवला. खादी स्वस्त विकायची म्हणून सूत कातणाऱ्या बाईला किती कमी द्यायचं? त्यांचं म्हणणं होतं, आठ तासांच्या चांगल्या कामाला आठ आणे मिळायला हवेत. प्रत्यक्षात तेवढे देणं जमलं नाही. पण पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे हे तत्त्व संघाने मान्य केलं आणि कताईचे दर वाढवले. खादी महागली, तरी. विक्रीचा हिशोब मागून, हाताचा आधी.

जात्यावरच्या बायांना तर आठ आणे सोडा, नावही मिळालं नाही. पहाटे दळताना त्या ओव्या रचायच्या. दोन-दोन ओळींच्या, सासर-माहेर, लेकरं, दुःख सगळं त्यात. आजच्या भाषेत छोट्या पोस्टच की! ऐकायला फक्त समोर बसलेली दुसरी बाई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'परी' या संकेतस्थळावर येतात, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. उशिरा का होईना, नाव लागलं.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे कुणी किती ओळी लिहिल्या याची नोंद आपोआप राहते. दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर टाकलं तर लगेच पकडले जाऊ. मग भाकरीला वेगळा नियम का? त्या साइटवर पोस्टचं बक्षीस दोन खात्यांत वाटून देण्याची सोय होती. मी ती बघितलीच नव्हती, एवढंच.

आता काकूंचं खातं त्यांच्या नातीने उघडून दिलंय. पुढच्या पोस्टचं बक्षीस चार भागांत ठरलंय, तीन काकूंचे आणि एक शूटिंगवाल्याचा. रक्कम फार नाही, जेमतेम ज्वारीच्या पायलीचा खर्च निघेल. पण काकूंनी लगेच अट घातली, "नाव लिहिशीन तं गावाचंबी लिह्यजो."

लिहिलं. वर्ध्याला आलात तर मगन संग्रहालय नक्की बघा, १९३८ पासून उभं आहे. आणि तुमच्या घरात कुणाच्या हातची भाकर प्रसिद्ध आहे, ते आम्हाला कळवा. नावासकट बरं का! भेटू पुढच्या भागात.