पाण्याखालची झडप

नदीत उतरण्याआधी तात्या मोटारीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि तो सदरा माझ्याकडे द्यायचे. सदरा खाली ठेवायचा नाही आणि कुणी मागितला तरी द्यायचा नाही, एवढंच माझं काम. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. कमरेला दोर बांधून तात्या, म्हणजे माझे चुलते, डोहात शिरायचे. दोराचं दुसरं टोक वडिलांच्या हातात असायचं. दोराला एक हिसका बसला की ढील द्यायची, दोन बसले की ओढायचं. खाली गाळात पाइपच्या तोंडाला फुटबॉल असायचा. कागदोपत्री त्याचं नाव फूटव्हॉल्व्ह, पण आमच्याकडे लहानथोर सगळे फुटबॉलच म्हणतात. त्याच्या चाळणीला शेवाळ, चिंध्या, उसाचं पाचट गुंडाळलं जायचं, किंवा झडपेखाली एखादा खडा अडकायचा. मग पाइपातलं पाणी सुटायचं आणि पंप नुसता फिरत राहायचा.

आमचं राहू दौंड तालुक्यात, मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेचक्यात. ह्या पट्ट्याला राहू बेटच म्हणतात. ऊस आणि गूळ ही इथली ओळख, पण उसाला पाणी लागतं आणि नदी काठापासून खोल. पंप आले तेव्हा हे गणित बदललं. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनाचा कारखाना 1946 साली खडकीला उभा राहिला. ती इंजिनं पुण्याच्या आसपासच्या नदीकाठांवर बसली आणि पुढे वीज आल्यावर त्यांच्या जागी मोटारी आल्या. इंजिन बदललं, पण फुटबॉल तोच राहिला आणि तो काढायला पाण्यात उतरणारा माणूसही तोच राहिला. ह्या कामाला कुणी कधी धंदा म्हटलं नाही. मजुरी ठरलेली नसायची. कुणी गुळाची ढेप द्यायचं, कुणी नुसता चहा. पण नदीकाठच्या प्रत्येक वस्तीवर असा दमाचा एखादा माणूस असायचाच, आणि त्याच्यावाचून उभा ऊस वाळला असता. आमच्या भागाचा इतिहास सांगताना कारखाने, कालवे, बंधारे सगळ्यांची नावं निघतात. ह्या माणसांचं नाव निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आम्ही पोरं पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली बसायचो. टाळू बुडेपर्यंत श्वास यायचा. दोन देठ जोडून हातभर खाली गेलं की छाती फुगतच नसे. ते का, हे मला पंपाचा फिटर झाल्यावर कळलं. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा वाढतो. ह्याच दहा मीटरमुळे पंप नदीच्या पातळीपासून फार उंच बसवता येत नाही. ओढून घेणाऱ्या पंपाचा जोर पंचवीसएक फुटांच्या पुढे चालत नाही, कारण पाणी वर ढकलणारी हवाच तेवढी. तोच दाब खाली गेलेल्या माणसाच्या छातीवर बसतो. वरून साधी नळी सोडून भागत नाही. माणूस ज्या खोलीवर असेल त्या खोलीच्याच दाबाची हवा त्याच्या तोंडाशी आली पाहिजे, आणि तीही त्याने श्वास ओढला तेव्हाच. हे काम करणारी झडप म्हणजे पाणबुड्याचा रेग्युलेटर.

तो मी पहिल्यांदा हातात घेतला साठी जवळ आल्यावर. माझा भाचा मालवणला गेला, तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना पाण्याखाली नेण्याच्या कामात शिरला. एका दिवाळीला त्याने निकामी झालेला रेग्युलेटर आणला आणि म्हणाला, ‘‘मामा, उघडून बघा.’’ मी दुकानात बाकावर फडकं पसरून तो उघडला. आत रबराचा पडदा, पडद्याला टेकलेली दांडी, दांडीच्या टोकाला झडप. घरच्या गॅसच्या रेग्युलेटरचा सख्खा भाऊबंद. श्वास ओढला की पडदा आत येतो, दांडी दबते, झडप उघडते. श्वास थांबला की झडप बंद.

तेव्हापासून ह्या वस्तूचा इतिहास मी मिळेल तिथून वाचत आलो. त्यातली सर्वांत जवळची वाटली ती एस्पालियों ह्या फ्रेंच गावाची गोष्ट. हे गाव समुद्रापासून दूर, लॉट नावाच्या नदीकाठी आहे. तिथला बेनुआ रूकेरोल हा खाणीचा अभियंता. विषारी वायू भरलेल्या खाणीत माणसाला श्वास घेता यावा म्हणून त्याने 1860 साली झडपेचं पेटंट घेतलं. ओग्युस्त देनेरूझ ह्या नौदलाच्या अधिकाऱ्याच्या साथीने 1864 च्या सुमारास ती पाण्याखाली नेली. पाठीवर पोलादी डबा, त्यात वरच्या पंपातून येणारी हवा आणि हवा मोजून देणारा पडदा. समुद्र न पाहता आयुष्य काढणाऱ्या गावातून हे यंत्र निघालं, हे वाचलं तेव्हा आमच्या बेटाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

दुसरी गोष्ट युद्धकाळातली. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा आपल्याकडेही मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भट्टी लावलेल्या त्या गाड्यांचं वर्णन जुन्या माणसांकडून मी ऐकलं आहे. फ्रान्समध्ये जर्मनांनी पेट्रोल ताब्यात घेतलं होतं. तिथे एमिल गान्यां हा एअर लिक्विड कंपनीचा अभियंता इंजिन ओढेल तेवढाच गॅस देणारी झडप बनवत होता. नौदलातला झाक कुस्तो 1942 च्या अखेरीस त्याच्याकडे पोचला. इंजिनाच्या जागी माणसाची फुप्फुसं धरली आणि काम सुरू झालं.

जानेवारी 1943 मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली, आणि ती फसली. कुस्तो आडवा पोहत असताना सगळं ठीक होतं. उभा राहिला की हवा भसाभसा वाया जायची आणि डोकं खाली केलं की श्वास ओढवेना. ह्या जागी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो, कारण असलं दुखणं मी पंपात शंभरदा पाहिलंय. यंत्र चांगलं असतं, बसवण्याची उंची चुकलेली असते. इथे उच्छ्वासाची झडप पडद्यापेक्षा वर-खाली होत होती आणि तेवढ्या पाण्याच्या दाबाचा फरक हवेला वाट मोकळी करून देत होता किंवा अडवत होता. त्यांनी उच्छ्वासाचं तोंड पडद्याच्या शेजारी, एका पातळीत आणलं. दुखणं गेलं. त्याच उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात ते पाण्याखाली मोकळे फिरू लागले.

ते यंत्र दोन जाड नळ्यांचं होतं. आज दिसतो तो एका नळीचा प्रकार मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने 1950 नंतर लगेच बाजारात आणला. फ्रेंचांचं पेटंट आडवं येत होतं, म्हणून त्याने झडपेची दोन कामं वेगळी केली. पहिला टप्पा सिलिंडरवर, तो दोनशे बारचा दाब नऊ-दहा बारवर आणतो. दुसरा तोंडाशी, तो श्वासाचा.

आता भाच्याच्या खरेदीचं. गेल्या वर्षी त्याला स्वतःचा संच घ्यायचा होता आणि हातात पैसे थोडे. त्याचा जीव चकचकीत, बटणं-खुंट्या असलेल्या मॉडेलवर गेला होता. मी म्हणालो, दट्ट्याचा साधा घे. साध्या दट्ट्याच्या पहिल्या टप्प्यात हलणारा भाग एकच असतो, उघडायला सोपा, सुटे भाग थोडे. टाकीतली हवा संपत आली की श्वास जरासा जड लागतो, पण पर्यटकांना उथळ पाण्यात नेणाऱ्याला तेवढ्याने अडत नाही. आमच्या भीमेसारख्या गढूळ पाण्यात काम असतं तर मी पडद्याचा प्रकार घ्यायला लावला असता, कारण दट्ट्याच्या स्प्रिंगपाशी बाहेरचं पाणी शिरतं आणि त्याबरोबर गाळही. शिवाय ज्याचे वॉशर आणि ओ-रिंग आपल्या देशात मिळतात तोच घे, असं बजावलं. शेतकऱ्यांना पंप घेताना मी चाळीस वर्षं हेच सांगत आलोय.

जुना घ्यायचा ठरला, म्हणून तोंडावरची जाळी आधी बघायला सांगितली. पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी बारीक छिद्रांची धातूची गाळणी असते. ती हिरवी पडलेली असेल तर खारं पाणी आत गेलंय. तांबूस असेल तर कुणाच्या तरी पोलादी टाकीचा गंज. मग धूळटोपी लावून तोंडाने हवा ओढायची. हवा आली तर कुठेतरी फट आहे. मग टाकीला जोडून मधल्या दाबाचं घड्याळ लावायचं. काटा थांबला तर बरं. हळूहळू वर सरकत राहिला तर आतली बैठक झिजली, नळाचा वॉशर गेल्यावर नळ गळतो तसंच. असे दोन नाकारून तिसरा त्याने अठरा हजारांना घेतला.

सांभाळायचं म्हणजे फार काही नाही, पण रोजचं आहे. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, धूळटोपी घट्ट लावून. त्या वेळी तोंडावरचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी नळीतून उलटं चढतं. उन्हात वाळवायचा नाही, नळीला धरून टांगायचा नाही. नळीच्या टोकावरची रबरी बाही मागे सरकवून खाली चिरा पडल्यात का ते पाहायचं. वर्षातून एकदा उघडून ओ-रिंग बदलायच्या. ते काम मात्र मी करत नाही. मला उघडता येतो, जोडताही येतो. पण कंपनीचं मोजमापाचं पत्रक आणि शिक्षण असलेल्या माणसानेच चालू रेग्युलेटरला हात लावावा, ह्यावर मी ठाम आहे. पंप बंद पडला तर ऊस वाळतो. इथे खाली माणूस असतो.

ह्या दिवाळीला भाचा टाकीसकट घरी आला. तात्या आता चौऱ्याऐंशीचे आहेत, ओसरीवर बसून असतात. नदीकडे जात नाहीत. काठावर जलपर्णी माजली आहे आणि पुण्याचं सांडपाणी उतरल्याने नदीत पाय घालवत नाही. भाच्याने टाकी ओसरीला टेकवली आणि तोंडातला भाग त्यांच्या दातांत दिला. त्यांनी आधी छाती भरून दम धरला, सवयीने. मग सोडला. मग ओढला. झडप सुस्कारली. पुन्हा ओढला. पाच-सहा मिनिटं ते तसेच बसून राहिले, डोळे मिटून, एक हात कमरेशी.

मग तोंडातून काढून भाच्याला विचारलं, ‘‘अन् दोर कुठं बांधता?’’

‘‘दोर नसतो, तात्याआजोबा. जोडीदार असतो शेजारी.’’

‘‘त्याच्याकडं बी असलंच?’’

‘‘असलंच. आणि माझं बंद पडलं तर मला द्यायला दुसरं तोंड.’’

तात्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा तोंडात घातलं.