इंजिनाचं फाउंडेशन : वऱ्हाडातल्या जुन्या जीपगाड्या आणि एका लोखंडी तुकड्याचा इतिहास

(मोर्शी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला विचारण्यात आलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने गॅरेजात कशाला शिरावं? उत्तर सोपं आहे. एका वस्तूचा मुख्य भाग काढून दुसरा बसवला तर वस्तू तीच राहते का, हा प्रश्न आम्ही वर्गात खडूने लिहीत आलो. मोर्शी-वरुडच्या रस्त्यावर तोच प्रश्न चार चाकांवर धावत होता, संत्र्याच्या पेट्या लादून.

आधी वस्तू ओळखून घेऊ. गाडीचं इंजिन चेसिसवर थेट ठेवलेलं नसतं. मध्ये लोखंडी ब्रॅकेट आणि रबराचा ठोकळा असतो. कंपनीच्या पुस्तकात त्याला इंजिन माउंटिंग म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. हा शब्द विहिरीवरून आला असावा, असा आमचा तर्क आहे. संत्र्याच्या बागेला पाणी देणारं ऑइल इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळलेलं असायचं, जिनिंगमध्येही तेच. तो ओटा म्हणजे फाउंडेशन. पण विहिरीवरचा ओटा जमिनीत रुतलेला असतो. गाडीचं फाउंडेशन मात्र स्वतःच प्रवासाला निघालेलं असतं. सगळी अडचण तिथून सुरू होते.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात पुष्कळ इंजिनं चेसिसला घट्ट बोल्टांनी आवळलेली असत. चार सिलिंडरचं इंजिन कितीही नीट बनवा, त्याची एक थरथर उरतेच, आणि ती घट्ट बोल्टांतून थेट बसणाऱ्याच्या हाडांत जायची. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' नावाची रचना आणली. युक्ती अशी, की इंजिन ज्या अक्षाभोवती आपणहून डोलू पाहतं तो अक्ष शोधायचा, पुढचा आधार उंच आणि मागचा खाली ठेवून दोन्ही आधार त्या अक्षावर आणायचे, आणि मध्ये रबर घालायचं. इंजिनाला डोलू द्यायचं, पण ते डोलणं गाडीत उतरू द्यायचं नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने हे तंत्र परवान्यावर घेतलं आणि जाहिरातीच्या चिन्हात चक्क एक पोहणारा हंस घातला. रबराच्या तुकड्याला मिळालेला एवढा मोठा मान आमच्या माहितीत दुसरा नाही.

आता आपल्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर विलीज जीप हिंदुस्थानात राहिल्या, आणि महिंद्र कंपनीने मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. विलीजचं पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, साठ अश्वशक्तीचं, चिवट आणि भयंकर पिणारं. १९७३ साली तेलाचा भाव जगभर भडकला. पेट्रोल ही चैनीची वस्तू मानली गेली. डिझेल शेतीचं, एसटीचं, ट्रकचं, म्हणून सरकारने ते स्वस्त ठेवलं. ही भावातली दरी चाळीस वर्षं टिकली, आणि तिने मिस्त्र्यांची एक अख्खी पिढी पोसली.

गणित उघड होतं. जीपचा सांगाडा मजबूत आहे, एक्सल शाबूत आहेत, कागदपत्रं आहेत. फक्त पोटातला राक्षस बदलायचा. सत्तरीचं दशक संपता संपता अँबॅसेडर कंपनीकडूनच डिझेलमध्ये मिळू लागली, १४८९ घनसेंटिमीटर आणि जेमतेम सदतीस अश्वशक्ती. चढावर तिला हात लावून मदत करावीशी वाटे. म्हणून कित्येकांनी अँबॅसेडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन घातलं. जीपसाठी लोकप्रिय ठरलं ते पूजो कंपनीचं एक्सडीपी ४.९०, जे महिंद्रने स्वतःच वापरलं. नावातच त्याचा हिशेब आहे: चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटर व्यासाचे, क्षमता २११२ घनसेंटिमीटर. अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन भंगारातून यायचं, आणि जुन्या जीपला दुसरा जन्म मिळायचा.

इथे एक तुलना करण्याचा मोह होतो. आपली शकुंतला गाडी, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं. त्या बदलाला काय लागलं? एक आकडा. जुनं इंजिन सोडलं, नवं जोडलं, डबे होते तिथेच. रेल्वेत इंजिन गाडीच्या बाहेर असतं. मोटारीत ते आत असतं, म्हणून तिथे नवं इंजिन आणलं की त्याच्यासाठी जागा घडवावी लागते.

आणि जागा घडवणं म्हणजेच फाउंडेशन घडवणं. विलीजच्या इंजिनाला पुढच्या तोंडाशी एक पट्टी असते, तिच्या दोन टोकांना रबर. मागचा आधार गेअरबॉक्सखाली. बहुतेक डिझेल इंजिनांना आधाराच्या जागा ब्लॉकच्या दोन्ही कुशींना असतात. म्हणजे चेसिसवरचे जुने ब्रॅकेट एकीकडे आणि नव्या इंजिनाचे कान दुसरीकडे. मग मिस्त्री काय करतो? तो ब्रॅकेटपासून सुरुवात करत नाही. नवशिका करतो, आणि फसतो. जाणता मिस्त्री आधी इंजिन चेन-पुलीला टांगतो, रिकाम्या पोटात उतरवतो, खाली लाकडी ठोकळे देतो आणि नुसता बघतो. इंजिनाची जागा तो ठरवत नाही, बाकीचे भाग ठरवतात. मागे बेल हाउसिंग आणि गेअरबॉक्स, त्यांच्यामध्ये अडॅप्टर प्लेट. पुढे पंख्याची पाती आणि रेडिएटर. खाली ऑइलचा चेंबर. पाटे पूर्ण दबून एक्सल वर आला तरी तो चेंबरला लागता कामा नये. बाजूला स्टिअरिंगचा दांडा आणि सायलेन्सरचा पाइप. शिवाय प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन सारखे आणि लहान राहिले पाहिजेत, नाहीतर ठरावीक वेगाला गाडी घुमायला लागते. हे सगळं जुळलं, की इंजिन हवेत जिथे उरतं तीच त्याची जागा. मग पुठ्ठा कापायचा. इंजिनाचा कान आणि चेसिस यांच्यामधल्या पोकळीचा नमुना त्या पुठ्ठ्यावर उतरतो, पुठ्ठ्यावरून पत्रा कापला जातो, टाके मारून बघितला जातो, आणि सगळ्यात शेवटी पक्कं वेल्डिंग होतं.

आम्हाला यातली उलटी दिशा फार महत्त्वाची वाटते. घर बांधताना पाया आधी, घर नंतर. इथे घर हवेत टांगून मग त्याच्या मापाचा पाया शिवतात.

आधार तीन का, चार का नाहीत? कारण तीन बिंदू नेहमी एका पातळीत असतात. मोर्शीहून सालबर्डीकडे जाणारी जुनी वाट आठवा. अशा वाटेवर चेसिस पिळवटतं, पुढचं डावं चाक वर तर मागचं उजवं वर. तीन पायांची तिवई त्या पिळात तग धरते. चार ठिकाणी आवळलेल्या इंजिनाचा एखादा कान तुटतो.

रबराची गोष्ट त्याहून नाजूक. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. डिझेल मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मंद चालत असेल तर सेकंदाला वीस धक्के. रबरावर बसलेल्या इंजिनाचं स्वतःचंही एक डोलणं असतं, झोपाळ्यासारखं. ते डोलणं सेकंदाला चौदापेक्षा बऱ्यापैकी कमी असेल तरच रबर धक्के अडवतं. रबर कडक निघालं आणि दोन्ही आकडे जवळ आले, तर रबर धक्के वाढवून देतं. त्यात पेट्रोल इंजिन हवा साडेसहा-सातपट दाबायचं आणि हे डिझेल बावीस-तेवीसपट. म्हणून पेट्रोलचं जुनं रबर डिझेलखाली ठेवलं की आरसे थरथरायचे, दिव्यांचे पत्रे चिरायचे. टायरचे तुकडे घालून काम भागवणारेही होते. ते रबर कडकच, शिवाय तेल लागलं की फुगणारं.

दुसरा नियम असा, की रबर दाबलेलं सोसतं, ओढलेलं सोसत नाही. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन एका कुशीवर उलटू पाहतं. एका बाजूचं रबर दबतं, दुसऱ्या बाजूचं ओढलं जातं. म्हणून ब्रॅकेटला असा ओठ हवा, की रबर फाटलं तरी लोखंड लोखंडात अडकून राहील. याची किंमत जगाला कळली ती १९७१ साली. जनरल मोटर्सला डिसेंबरमध्ये सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या. रबर फाटलं की इंजिन उचललं जायचं, त्यासरशी ॲक्सिलरेटर ओढला जाऊन अडकायचा, आणि ब्रेकला मदत करणारी नळीही तुटू शकायची. उपाय काय केला? इंजिन उचलू नये म्हणून एक पोलादी दोर बांधला. गंमत बघा, युद्धकाळातल्या विलीजमध्ये इंजिन मागेपुढे सरकू नये म्हणून असा दोर मुळातच होता. इंजिन बदलताना बिनकामाचा समजून कितीतरी जीपमधून तो काढून टाकला गेला.

आता आमच्या प्रश्नाकडे. मिलिंद राजा आणि नागसेन यांचा संवाद आपल्याला ठाऊक आहे: चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, मग रथ कुठे आहे? वैशेषिकांचं म्हणणं वेगळं. ते दोन प्रकारचे संबंध मानतात. संयोग, जो जुळतो आणि सुटतो. आणि समवाय, जो धागा आणि कापड यांच्यात असतो. कापूस पिकवणाऱ्यांना हे उदाहरण समजवावं लागत नाही. काटेकोर वैशेषिक तर म्हणेल, की एक धागा काढला तरी जुनं कापड संपलं, उरलं ते नवं कापड. त्याला आरटीओत बसवलं असतं तर प्रत्येक स्पेअर पार्टला नवं आरसी बुक द्यावं लागलं असतं.

सरकारने व्यवहार्य मार्ग धरला. आरसी बुकात दोन क्रमांक, एक चेसिसचा, एक इंजिनाचा. गाडीची ओळख मुख्यतः चेसिसशी बांधलेली. १९३९ च्या कायद्यात फेरफार केला तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची तरतूद होती. १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ अधिक कडक झालं, २००० सालच्या दुरुस्तीने आणखी आवळलं: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नको, इंधन बदलायचं तर ठरवून दिलेल्या अटींवर. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. आम्हाला हा कायदा चूक वाटत नाही. ६७ लाख गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं रबर फाटतं, तर चौकातल्या वेल्डिंगची हमी कोण देणार? पण एक गोष्ट खटकते. इंजिनाला क्रमांक आहे, चेसिसला क्रमांक आहे. त्यांना एकत्र ठेवणाऱ्या ब्रॅकेटला क्रमांक नाही. माणसांचा जीव ज्यावर टांगला होता ते फाउंडेशन कोणत्याच रकान्यात आलं नाही. ते चांगलं असो की वाईट, कोणी तपासून लिहून ठेवलं नाही, आणि चांगल्या मिस्त्र्याचं ज्ञानही त्याच फटीतून निसटलं.

धंदा संपला तो मात्र कायद्यापेक्षा भावाने. पेट्रोलचे दर २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. दरी बुजत गेली, कंपन्यांच्या तयार डिझेल जीपा केव्हाच आल्या होत्या, आणि जुन्या पेट्रोल जीपला उलटी किंमत आली. आज हौशी माणसं डिझेल काढून मूळ विलीज इंजिन शोधत फिरतात. तेव्हाही मिस्त्रीच लागतो, कारण जुने ब्रॅकेट गॅस कटरने केव्हाच कापलेले असतात. आणि आता जुन्या गाडीत विजेची मोटर बसवण्याचे किट येत आहेत. मोटर स्फोटाचे धक्के देत नाही, पण तिचा पीळ पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. म्हणजे थरथरीचं गणित गेलं तरी उलटण्याचं राहिलंच.

मोर्शी, वरुड, चांदूरबाजार, परतवाडा इथल्या जुन्या गॅरेजांच्या भिंतींवर अजून खिळ्याला टांगलेले तेलकट पुठ्ठे दिसतात. आपल्यापैकी कोणाच्या घरी, कोणाच्या काकांच्या शेडमध्ये असे पुठ्ठे असतील तर रद्दीत देऊ नका. त्यावर पेनाने तीन गोष्टी लिहा: गाडी कोणती, इंजिन कोणतं, साल कोणतं. मिस्त्री हयात असतील तर चौथी गोष्ट त्यांनाच विचारा, की रबर कुठून आणलं होतं.