निद्रेचीं औषधें : बाळागोळी आणि सर्पगंधा

घरांत कोणी वारलें, मुलाची परीक्षा तोंडावर आली, दूरच्या प्रवासानें दिनक्रम उलटापालटा झाला, किंवा कोर्टांतला दावा निकालास लागावयाचा असला, म्हणजे चार-आठ रात्री डोळ्याला डोळा न लागणें हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. अशा वेळीं ‘झोपेसाठीं कांहीं तरी द्या’ म्हणून घरचीं माणसें वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे धांव घेतात. हें ‘कांहीं तरी’ कोणतें असावें, याचा आपल्या प्रांतांतील इतिहास कोणी फारसा सांगत नाहीं. तो पाहूं गेलें असतां आम्हांस एक गोष्ट प्रकर्षानें जाणवते. औषधानें झोप येते कीं नाहीं, हें प्रत्येक पिढीनें पारखून घेतलें; तें औषध शरीरांतून केव्हां व कसें निघून जातें, हें मात्र बहुधा नुकसान झाल्यावर विचारलें. आणि चार रात्रींच्या औषधाची निवड तर या दुसऱ्या प्रश्नावरच अवलंबून असते.

जुन्या घरगुती उपायांपैकीं पुष्कळ निरुपद्रवी होते. चरकानें निद्रा आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधास अग्रस्थान दिलें आहे. दुधांत जायफळ उगाळून देण्याची चाल आमच्या घरांतून अद्याप आहे. श्रीखंडानंतर येणारी दुपारची झोप त्यांतल्या जायफळाची कीं श्रीखंडाची, हा वाद मात्र मिटावयाचा आहे. (जायफळ प्रमाणाबाहेर झालें तर झोपेऐवजीं भ्रम होतो, हेंही येथेंच सांगितलेलें बरें.) परंतु याच घरगुती औषधांच्या फडताळांत अफूही असे, आणि तिची कथा इतकी गोड नाहीं.

1854 सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. पुढील पन्नास-साठ वर्षांत कोंकण व घाटावरून आलेल्या हजारों कुटुंबांनीं परळ, लालबाग व भायखळ्याच्या चाळी भरून गेल्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत बायका काम करीत. तान्हें मूल गिरणींत नेतां येत नसे आणि घरीं त्यास पाहणारें कोणी नसे. त्यावर उपाय म्हणजे बाळागोळी. ही अफू घातलेली बारीक गोळी सकाळीं मुलाच्या तोंडांत घालून आई कामावर जाई व मूल दिवसभर गुंगींत पडून राही. पोटांत भूक असली तरी तें रडत नसे, आणि रडत नसे म्हणून त्याला कोणी पाजीत नसे. अंग वाळत जाई. गोळी बंद करावी तर तें असें किंचाळे कीं शेजारीपाजारी त्रासून जात; मग पुन्हा गोळी, आणि तीही थोडी मोठी. मात्रा चुकली तर श्वासच मंदावत थांबे. गिरणगांवांतील प्रसूति व बालसंगोपन यांची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांस 1920 नंतरच्या दशकांत ही चाल घरोघर आढळली, आणि 1929 सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशनपुढें हा विषय आला.

त्या आईस निर्दय म्हणणें सोपें आहे. परंतु तिनें निवडलें तें मुलाच्या निद्रेचें औषध नव्हतें. स्वतःच्या दहा तासांच्या कामाची ती सोय होती. म्हणूनच बाळागोळीवरचा खरा उतारा औषधांच्या दुकानांत सांपडला नाहीं. कमिशनच्या 1931 च्या अहवालांत त्याचें नांव पाळणाघर असें आहे. मुंबई इलाख्यांत प्रसूतिभत्त्याचा कायदा 1929 सालीं झाला होता. पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथें काम करतात तेथें पाळणाघर असलेंच पाहिजे, असें 1948 च्या फॅक्टरी ॲक्टनें ठरविलें. पुढें 1976 सालीं ही संख्या तिसांवर आणली गेली. अफूच्या पेट्यांवर ज्यांनीं मुंबईंत वाडे बांधले त्यांचीं नांवें रस्त्यांना आहेत. गोळीनें निजलेल्या मुलांची मोजदादही कोणी ठेवली नाहीं.

पांढरपेशांच्या घरांत याच काळांत डॉक्टरी औषधें आलीं. लीबिगनें 1832 सालीं तयार केलेलें क्लोरल झोप आणतें, हें लीब्राइखनें 1869 सालीं दाखविलें. ब्रोमाइडचें मिश्रण तर खोकल्याच्या औषधाइतकें सर्वपरिचित झालें. ब्रोमाइडचा अवगुण समजावयास मात्र वेळ लागला. एका दिवसाच्या ब्रोमाइडपैकीं अर्धें शरीराबाहेर पडावयास सुमारें बारा दिवस लागतात. म्हणजे रोज रात्रीं एक मात्रा घेणाऱ्याच्या रक्तांत तें सावकाराच्या व्याजाप्रमाणें सांचत जातें. मग स्मृति मंद होते, जीभ अडखळते, आणि घरचीं माणसें समजतात कीं दुखणें वाढलें! म्हणून औषध वाढवितात. 1903 सालीं आलेल्या व्हेरोनलनें व 1912 च्या ल्युमिनलनें ब्रोमाइड मागें पडलें. पण या बार्बिट्युरेट वर्गांत झोपेची मात्रा व मृत्यूची मात्रा यांमधील अंतर थोडें, आणि संवय लागल्यावर एकाएकीं सोडलें तर झटके येत.

अशा वेळीं आपल्याच रानांतील एका मुळीकडे संशोधकांचें लक्ष गेलें, हें साहजिक होतें. सर्पगंधा ही छायेंत, ओलसर जमिनींत वाढणारी हातभर उंचीची वनस्पति. कोंकणांत व सह्याद्रीच्या उतारावर ती आढळते. बिहारांत तिला ‘पागल की दवा’ म्हणत, आणि तेथील गरीब लोक मुलांना निजविण्यासाठीं ती देत. मुंबईंतील बाळागोळीचीच ही रानांतली बहीण म्हणावयाची. 1931 सालीं दिल्लीच्या तिब्बी कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं तिच्या मुळांतून अनेक क्षारद्रव्यें निराळीं काढलीं, व एकास हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ अजमलीन असें नांव दिलें. त्याच वर्षीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्ताचा वाढलेला दाब या दोहोंवर ती चालते, असें प्रसिद्ध केलें.

मुंबईचा वांटा यापुढचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर सर्पगंधेचा प्रयोग करून त्याचा वृत्तांत 1949 सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें छापला, आणि जगाचे डोळे इकडे वळले. बाझेलच्या सीबा कंपनीनें 1952 सालीं त्या मुळींतून रेसर्पिन काढलें. वकिलांस 1957 सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. देशी औषधाचा हा गौरव पाहून अभिमान वाटणें योग्यच आहे. परंतु अभिमानापोटीं एक गोष्ट विसरली जाते. रेसर्पिनचा परिणाम दिसावयास कित्येक दिवस लागतात आणि औषध थांबविल्यावरही तो लवकर ओसरत नाहीं. कांहीं रोग्यांस तें घेऊन खोल औदासीन्य आल्याचे अनुभव पुढें प्रसिद्ध झाले. त्यांत त्या काळच्या मोठ्या मात्रांचा दोष किती, याविषयीं मतभेद आहेत. तें कसेंही असो, परीक्षेच्या आठवड्यांतील जागरणावर ही मुळी देणें म्हणजे पाहुणा गेल्यावर चूल पेटविणें होय. वनस्पति देशी आहे म्हणून ती सौम्य असते, ही समजूत आम्हांस घातक वाटते. इकडे मागणीपायीं रानें इतकीं खणलीं गेलीं कीं 1990 सालीं सर्पगंधेचें नांव आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधाच्या सूचींत घालावें लागलें.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. पश्चिम जर्मनींत 1957 सालीं थॅलिडोमाइड हें निर्धोक झोपेचें औषध म्हणून चिठ्ठीवांचून विकलें गेलें. 1961 च्या नोव्हेंबरांत तें मागें घेतलें जाईपर्यंत हजारों मुलें अपुऱ्या हातापायांनीं जन्मलीं. 1960 पासून बेंझोडायझेपिन औषधें आलीं. तीं बार्बिट्युरेटहून पुष्कळ सुरक्षित खरीं, पण त्यांचीही संवय जडते, आणि त्यांतील डायझेपामचा अंश शरीरांत कित्येक दिवस रेंगाळतो. म्हाताऱ्या माणसाच्या रात्रीच्या उठण्यांत हा अंश म्हणजे मोडलेली मांडी.

आजचें शास्त्र थोड्या रात्रींसाठीं औषध देऊंच नये असें म्हणत नाहीं. तें म्हणतें कीं प्रथम कारण पाहावें, लहानांत लहान मात्रा द्यावी, थांबविण्याचा दिवस आधींच ठरवावा व चार आठवड्यांची मर्यादा ओलांडूं नये. दारूशीं गांठ तर कधींच घालूं नये. महिनोगणती टिकलेल्या निद्रानाशावर गोळीपेक्षां झोपेच्या संवयी व चिंता सुधारणारा उपचार प्रथम करावा. कारणाचा विचार किती दूर नेतो पहा. ठाण्याहून घोडबंदरकडे जातांना डोंगराच्या पायथ्याशीं चेणें हें गांव लागतें. तें हल्लीं मीरा-भाईंदर महापालिकेंत मोडतें. एका बाजूस येऊरचें रान, आणि कडेनेंच अवजड गाड्यांचा रस्ता. तेथें गाड्यांच्या आवाजानें एखाद्याची झोप मोडत असेल, तर गोळी त्याला काय म्हणून द्यावयाची? गिरणगांवांतील मुलास जशी भूक होती, तसा त्यास आवाज आहे.

अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम वगैरे औषधें 1 मार्च 2014 पासून आपल्याकडे ‘एच-वन’ सूचींत आहेत. विकणाऱ्यानें घेणाऱ्याचें व चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचें नांव वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपावयाची असते. यांपैकीं झोल्पिडेम हें थोडा वेळ टिकणारें, म्हणून अल्पकाळच्या निद्रानाशास सोयीचें मानलें जातें. अमेरिकेंत त्याला 1992 च्या अखेरीस परवानगी मिळाली. स्त्रियांच्या रक्तांत तें दुसऱ्या दिवशीं सकाळींही मोटार हांकण्यास धोका होण्याइतकें उरतें, असें आढळल्यावर तेथील सरकारी खात्यानें स्त्रियांची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पांचांवर आणावयास लावली. पण तें 2013 सालीं, वीस वर्षांनंतर.